शुभेच्छुकांच्या ओळीत अप्पा

चैत्र उतरणीला लागला की नांदेडात दोन विषय हमखास निघतात. नळाला पाणी कधी येणार, आणि लातूरमधून फुटून उदगीरचा नवा जिल्हा कधी होणार. पहिल्याचं मला काही वाटत नाही. गोदावरीच्या काठाला राहून घागरी मोजत बसायची आम्हाला सवय आहे. दुसरा विषय निघाला की मात्र माझे कान तापतात. चहाच्या टपरीवर कुणी म्हणालं, "यंदा जिल्ह्याचं पक्कं हाय बरं का," की मी अर्धा चहा टाकून उठतो. लोकांना वाटतं, मला राजकारणाचा कंटाळा आहे. कंटाळा असता तर बरं झालं असतं. मला लाज वाटते, आणि इतकी वर्षं झाली तरी ती कमी झालेली नाही.

परवा उदगीरहून एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. "भाऊ, काय करायलाव? यंदा जिल्हा जाहीर होतोय म्हणायलेत समदे. अभिनंदनाचं एक झकास डिझाइन करून ठिवा की. ऐनवेळी धावपळ नको." मी "बघतो" म्हणालो आणि फोन ठेवला. आमच्या धंद्यात "बघतो"चा अर्थ "करतो" असाच असतो, हे त्यांनाही ठाऊक आहे.

माझ्या कार्डावर ग्राफिक डिझायनर असं छापलेलं आहे. आमच्या शिरूर अनंतपाळात मला अजून बॅनरवाला म्हणतात आणि तेच जास्त खरं आहे. लग्नपत्रिका, दुकानाच्या पाट्या, शिकवण्यांच्या जाहिराती, मसाल्याच्या पुड्या, असं सगळं मी करतो. पण जन्म झाला तो बॅनरमध्येच. लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तो उन्हाळा मी उदगीरला एका फ्लेक्सच्या दुकानात काढला. नांदेडला चित्रकलेचं शिक्षण नुकतंच संपलेलं, आणि आपण मोठे कलावंत आहोत ही समजूत अजून शाबूत होती.

त्या दुकानाचा वास आजही नाकात आहे. ताज्या शाईचा उग्र, डोक्यात जाणारा वास. आतल्या खोलीत छपाईचं यंत्र सर्रसर्र करत दिवसभर चालायचं. त्याला उष्णता चालत नाही म्हणून त्याची खोली गार ठेवलेली. बाहेर आम्ही माणसं, आमच्याकडे कूलर होता, पण त्यात घालायला पाणी नव्हतं. तो नुसताच गरम वारा फेकायचा. मालक अधूनमधून यंत्राच्या खोलीत जाऊन उभे राहायचे आणि "छपाई बघायलोय" म्हणायचे.

दुष्काळात धंदे बसतात म्हणतात. आमचा उठला. पाण्याचा टँकर निघाला की त्याच्या पोटावर बॅनर. पाणपोई उघडली की तिच्या डोक्यावर बॅनर. चाऱ्याची गाडी आली की तिच्या दोन्ही अंगांना बॅनर. लोक हंडे घेऊन धावत यायचे तेव्हा पाण्याच्या आधी त्यांना माझं डिझाइन दिसायचं. प्रत्येकात निळ्या लाटा, निळे थेंब, निळं आभाळ. तालुक्याच्या विहिरी कोरड्याठाक होत्या आणि आमच्या यंत्रात सगळ्यात आधी निळी शाई संपायची. मालक लातूरहून निळ्या शाईचे डबे मागवायचे आणि हसायचे. मीही हसायचो. आज ते आठवलं की हसू येत नाही, पण तेव्हा आलं होतं, हे कसं नाकारू?

बॅनर पाहणाऱ्याला वाटतं, त्यात काय, फोटो चिकटवले की झालं. तसं नसतं. वरच्या पट्टीत थोर माणसं, लहान आकारात. मधोमध ज्यांचं अभिनंदन करायचं ते, कमरेपर्यंत, हात जोडून. त्यांच्या बाजूला ज्यांच्यामुळे ते घडलं ते. आणि सगळ्यात खाली गोलात बसवलेले छोटे चेहरे. ते शुभेच्छुक. त्या गोलांतली माणसंच बॅनरचा खर्च करतात आणि तीच सगळ्यात लहान दिसतात. कोणाचा चेहरा कोणापेक्षा बोटभर मोठा झाला यावरून आमच्या दुकानात तक्रारी व्हायच्या. मी चित्रकलेत प्रमाणबद्धता शिकलो होतो. तिचा खरा अर्थ उदगीरला कळला.

हे पोटाचं काम. जिवाचं काम दुपारी जेवणाच्या सुट्टीत चालायचं. मला अक्षरं रेखाटायचा नाद होता. जुन्या अडत दुकानांवरच्या रंगवलेल्या पाट्या बघत हिंडायचो, त्यांतला एखादा ठसठशीत 'ळ' वहीत उतरवून घ्यायचो. आणि त्या उन्हाळ्यात एक नवंच खूळ डोक्यात शिरलं होतं. जिल्हा होणार, तर जिल्ह्याला बोधचिन्ह हवं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी मागितलं नव्हतं. पण जिल्हा जाहीर होईल, लोक विचारतील, हे चिन्ह कुणी केलं, आणि मग माझं नाव निघेल, असं मी स्वतःशीच ठरवून टाकलं होतं. किल्ल्याचा बुरूज काढून पाहिला, देवणी गाईची शिंगं काढून पाहिली. शेवटी नव्या जिल्ह्याच्या नकाशाचाच आकार घ्यायचं ठरवलं.

गंमत तिथंच झाली. नव्या जिल्ह्यात कोणते तालुके जाणार, याच्या नुसत्या वावड्या होत्या. आमचं शिरूर जाणार असं काही म्हणत, काही नाही म्हणत. मी नकाशा दोन्ही तऱ्हांनी काढला. शिरूर बाहेर ठेवलं की आकार उंदरानं कुरतडलेल्या भाकरीसारखा दिसायचा. आत घेतलं की छान भरायचा. म्हणून मी शिरूर आत घेतलं. एक अख्खा तालुका मी आकार चांगला दिसावा म्हणून दुसऱ्या जिल्ह्यात टाकला.

शिरूरला मात्र तेव्हा वेगळंच वारं होतं. तिथल्या लोकांना लातूर सोडायचं नव्हतं. पोरं लातूरला शिकायला, दवाखाना लातूरला, कोर्टाच्या तारखा लातूरला. नव्या जिल्ह्यात जाऊन पुन्हा पहिल्यापासून सगळ्या कचेऱ्यांच्या पायऱ्या कोण झिजवणार? बाजारात बैठका होत होत्या. तिथून उदगीरच्या नावानं बोलणारा माणूस म्हणजे फुटलेला माणूस, असा सरळ हिशेब होता.

माझे वडील, अप्पा, यांचं शिरूरला छोटं किराणा दुकान. कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, अंगात पांढरा सदरा आणि आवाज असा की समोरच्याला थोडं वाकून ऐकावं लागावं. अप्पा बैठकीला जात आणि मागं बसत. एकदा मी फोनवर बोधचिन्हाचं सांगितलं तेव्हा म्हणाले, "काढ बाबा, चित्र काढायला काय जातंय. पर आपल्याला लातूरच बरं हाय."

त्या वर्षी आमच्या गल्लीत टँकर यायचा तो रामाच्या पारापाशी. पहिल्या पहिल्यांदा भांडणं झाली, डोकी फुटायची वेळ आली. मग गल्लीनं मिळून ठरवलं की टँकरची नळी अप्पांच्या हातात द्यायची. त्यांना काही पद नव्हतं, की कुठली चिठ्ठी नव्हती. नळी हातात असलेला माणूस ज्याच्या घागरीत धरेल त्याला पाणी, एवढीच ती सत्ता. मी एका रविवारी गेलो तेव्हा पाहिलं होतं. अप्पांनी धोतराचा काचा मारलेला, दोन्ही हातांनी जाड नळी धरलेली, आणि बाया घागरी पुढं सरकवतायत. एवढ्या गर्दीत आवाज नव्हता. घागर गळ्यापर्यंत भरली की अप्पा नळी उचलायचे, सांडू द्यायचे नाहीत. म्हातारी कोतारी असली की तिची कळशी आधी. आमच्या घरची घागर सगळ्यात शेवटी, आणि पुष्कळदा अर्धीच. आई कुरकुरायची. अप्पा म्हणायचे, "नळी आपल्या हातात हाय म्हणल्यावर आपली घागर भरली तर लोक बघतेत."

आमच्याकडे पाहुणा आला की आधी पाण्याचा तांब्या पुढे करायचा असतो. मग बस म्हणायचं. त्या उन्हाळ्यात पाहुणे उंबऱ्यातूनच सांगायचे, "पाणी नको, आत्ताच पिऊन आलाव." ओठ सुकलेले असायचे आणि तरी सांगायचे. घरचा माणूसही मग आग्रह करत नसे. दोघांनाही लाज वाटायची आणि दोघंही हवापाण्याचं बोलायचे. एकमेकांची इज्जत राखायची ती आमची रीत होती. अप्पा मात्र तांब्या पुढे करायचेच. पाहुणा एक घोट घ्यायचा आणि तांब्या परत द्यायचा.

मग ती बातमी आली. उद्या जिल्हा जाहीर होणार. कुठून आली कोण जाणे, पण सकाळी दुकान उघडायच्या आधीच गिऱ्हाइकं पायरीवर बसलेली. सगळ्यांना अभिनंदनाचे बॅनर हवे, सगळ्यांना आजच हवे. त्यांतला एक मोठा बॅनर मुख्य चौकात लागायचा होता. खाली आठ शुभेच्छुक. सात जणांचे फोटो आले. आठव्याचा "पाठवतो, पाठवतो" म्हणत येईना.

आता हे आमच्या हातचं काम कसं चालतं ते सांगितलं पाहिजे. फोटो आला नाही म्हणून कुणी थांबत नाही. जागा धरायला संगणकात असेल तो कुठलाही फोटो त्या गोलात ठेवायचा, खाली कुठलंही नाव टाकायचं, म्हणजे अक्षरं किती जागा घेतात ते कळतं. खरा फोटो आला की बदलायचा. माझ्या संगणकात अप्पांचा फोटो होता. एसटीच्या ज्येष्ठ नागरिकांच्या सवलतीसाठी मी तो नीट कापून ठेवला होता. तो गोलात ठेवला, खाली नाव टाकलं. काशिनाथअप्पा, शिरूर अनंतपाळ. ओळ लगेच भरली, दोन्ही बाजू सारख्या झाल्या. मी खुर्ची मागं सरकवून पाहिलं आणि मला ती ओळ आवडली. मग जेवणाची सुट्टी झाली, आणि मी बोधचिन्हाची वही उघडून बसलो. नकाशाच्या कडेची वळणं काही मनासारखी जमत नव्हती. मालकांनी आतून विचारलं, "चौकाचं झालं का रे?" मी मान वर न करता म्हणालो, "झालंय, टाका." आठव्या गिऱ्हाइकाचा फोटो शेवटपर्यंत आला नाही, आणि अप्पा तसेच छापले गेले.

संध्याकाळी चौकात गुलाल उडाला. हलगी वाजली. मी बॅनर बघायला गेलो, आणि खालच्या ओळीत अप्पा दिसले. बाकीचे सगळे हसत होते. अप्पा सवलतीच्या फोटोत बसतात तसे बसले होते, ताठ आणि गंभीर. मी मालकांना बोट करून दाखवलं. खाली उतरवा म्हणावं तर गुलालात कोण ऐकणार? मालक म्हणाले, "खालची ओळ कोण वाचतंय? उद्या बदलू." मलाही ते पटलं, कारण ते पटवून घ्यायचंच होतं.

जिल्हा जाहीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. अभिनंदनाचे बॅनर चौकाचौकात तसेच राहिले, कारण ते उतरवले तर आपण फसलो हे कबूल केल्यासारखं झालं असतं. आणि खालची ओळ वाचणारा माणूस निघालाच. शिरूरचा कुणी बाजाराला आलेला. त्यानं बॅनरचा फोटो काढला, अप्पांच्या भोवती लाल वर्तुळ केलं आणि तो फोटो गावभर फिरला.

मला आईनं फोन केला. "तुझ्या अप्पाच्या हातातली नळी काडून घेतली," एवढंच म्हणाली. मग हळूहळू सगळं कळलं. नळी घेतली ती बब्रुवानकाकांनी. अप्पांचे लहानपणापासूनचे दोस्त, आमच्या दुकानाच्या फळीवर रोज बसणारे. भांडण नाही, शिवी नाही. टँकर आला तसे पुढे झाले आणि म्हणाले, "अप्पा, थकलात तुमी. द्या हिकडं." अप्पांनी नळी दिली.

मी पहिल्या एसटीनं शिरूरला गेलो. पारापाशी टँकर उभा होता. बब्रुवानकाका नळी धरून होते, आणि पाणी सांडत होतं. अप्पा बायांच्या रांगेच्या शेवटी कळशी घेऊन उभे होते. मला पाहून कुणी "कधी आलास" म्हणालं नाही. अप्पांची कळशी भरायची पाळी आली तेव्हा काकांनी ती गळ्यापर्यंत भरली, अगदी नीट भरली, पण वर पाहिलं नाही.

घरी आल्यावर अप्पांनी मला आधी पाणी दिलं. मग मी म्हणालो, "अप्पा, मी सांगतो लोकांना. चूक माझी हाय."

"काय सांगणार?"

"तो फोटो नुसता जागा धरायला ठिवला होता. काढायचा राहिला."

अप्पांनी रिकामा तांब्या उचलून ठेवला. मग म्हणाले, "म्हंजी गिऱ्हाइकाच्या बॅनरवर घरचा फोटो ठिवलास आन इसरलास. असंच ना?"

"हाव."

"मग तुला काम कोण देईल? उद्या जिकडं जाशील तिकडं हेच सांगतील, बापाचा फोटो छापणारा पोरगा म्हणून. मी सांगितलंय लोकायला, फोटो मीच दिला. आता बोल फिरवायचा न्हाई."

"पर लोक तुमच्यावर नाराज झालेत."

"होऊ दे की. माझं दुकान जुनं हाय. मीठमिरची लागतेच समद्यायला. तुझं आता कुटं सुरू होयलंय."

आई आतून म्हणाली, "लई शाणपण केलाव." ते कुणाला उद्देशून होतं ते मला अजून कळलेलं नाही.

त्या वेळी माझ्या मनात काय आलं, ते मला लिहायलाच हवं. मला हायसं वाटलं. अप्पा "सांग" म्हणाले असते तर मला पारावर जाऊन सगळ्यांसमोर उभं राहावं लागलं असतं, आणि मी मनातून त्याला घाबरलो होतो. त्यांनी नको म्हणताच माझा ताठ झालेला पाठीचा कणा सैल पडला. मी आणखी एकदा तोंडदेखलं "पण अप्पा" म्हणालो आणि जेवायला बसलो. फोटो छापला गेला त्याची लाज वाटते, पण ती धंद्यातली चूक होती, ती कुणाकडूनही होते. त्या दुपारी मला भाकरी गोड लागली, त्याची लाज मात्र धुतली जात नाही.

त्या वर्षी पुढे पाऊस झाला आणि चांगला झाला. नदी-नाले भरले, टँकर बंद झाला. पुढे गल्लीत नळ आले. लोक अप्पांशी पुन्हा बोलू लागले, बब्रुवानकाकाही हळूहळू फळीवर येऊन बसू लागले. आमच्याकडे असलं काही मिटवायला बैठक लागत नाही, कुणाच्या तरी घरी बारसं निघतं आणि मिटतं. पण नळीची गरजच उरली नाही, त्यामुळे ती अप्पांच्या हातात परत द्यायची वेळ कुणावर आली नाही. दुष्काळ परत यावा असं कुणी म्हणत नाही. मीही म्हणत नाही. एखाद्या कोरड्या जूनमध्ये मात्र मनात काहीतरी हलतं आणि मी ते दाबून टाकतो.

मी नांदेडला आलो, स्वतःचं दुकान टाकलं. कामं मिळत गेली. अक्षरांचा नाद अजून आहे, सुट्टीच्या दिवशी एखादं अक्षर घोटत बसतो. बोधचिन्हाची वही कुठं गेली ते माहीत नाही आणि मी शोधलीही नाही. एक सवय मात्र बदलली. कच्च्या डिझाइनमध्ये जागा धरायला मी माणसाचा चेहरा ठेवत नाही. राखाडी गोल ठेवतो. माझ्याकडे काम करणारी मुलं विचारतात, चेहरा ठेवला तर अंदाज येतो ना सर? मी म्हणतो, नाही आला तर नाही आला.

सध्या अप्पा माझ्याकडे आहेत. डोळ्याचं ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, आणि आता त्यांना सगळं स्वच्छ दिसायला लागल्यामुळे ते दिवसभर दुकानात बसून येणारीजाणारी माणसं, गुरुद्वाऱ्याकडे जाणारे ऑटो, समोरची पाटी, असं सगळं नव्यानं बघतात. परवाचा तो उदगीरचा फोन आला तेव्हा ते शेजारीच होते. गिऱ्हाइकाचा आवाज मोठा. अप्पांनी सगळं ऐकलं. मी फोन ठेवल्यावर ते समोरची पाटी वाचत राहिले. मग सहज विचारल्यासारखं म्हणाले, "ते तवाचं बॅनर असंल का रे तुझ्याकडं?"

आमच्या धंद्यात जुनं काम कुणी पुसत नाही. उदगीर सोडताना बरोबर आणलेल्या कामांत माझ्याकडे ते होतं. नाही म्हणायचं ओठांवर आलं होतं, पण नाही म्हणवेना.

"मी कदी पाहिलंच न्हाई ते," अप्पा म्हणाले. "लोकाच्या मोबाइलवर दाखवलं एकानं, पर डोळ्याला दिसंना तवा."

मी बॅनर उघडला. तेच अभिनंदन, तेच जोडलेले हात, तोच भडक पिवळा मजकूर. अप्पांनी खुर्ची पुढं ओढली आणि वरपासून बघायला सुरुवात केली, दुकानाचा माल तपासतात तसं, काही न सोडता. खालच्या ओळीशी आले. स्वतःच्या चेहऱ्याशी थांबले. "फोटो सरळ बसवलास," म्हणाले. मी मान खाली घातली. आता सांगून टाकावं, माफी मागावी, त्या दुपारी भाकरी गोड लागली होती तेसुद्धा सांगावं, असं मनाशी जुळवत होतो.

तेवढ्यात त्यांचं बोट बाकीच्या गोलांवरून फिरलं. "हे सात जण कोण रे?"

मी चेहरे मोठे करून दाखवले आणि खालची नावं एकेक वाचली. मलाही त्यांतलं कुणी आठवत नव्हतं. प्रत्येक नावाला अप्पा थांबायचे, चेहरा निरखायचे, आणि मान हलवायचे. सातही झाल्यावर ते मागं टेकले.

"बब्रुवान फळीवर परत बसू लागला तवा रोज इचारायचा," ते म्हणाले. "अप्पा, आमाला सोडून ज्यायच्यासंगं गेलात ती माणसं हायेत तरी कोण? मला एक बी नाव सांगता आलं न्हाई."